कपड्यांना कुठे नाक असतं?

नाही, पण मला एक सांगा, माणसानं हात वर धरून राहायचं म्हणजे किती वेळ राहायचं? काही सुमार? मी लॉन्ड्रीवाला माणूस, तुम्हाला सांगतो, उभा जन्म माझा दोरीवर कपडे टाकण्यात गेला, हात वर करण्याचा सराव माझ्याइतका आमच्या भागात दुसऱ्या कुणाला नसेल, पण कपडे टाकताना हात वर जातो, खाली येतो, मध्येच चिमटा दातांत धरता येतो, बायकोशी दोन शब्द भांडता येतं... इथे नुसता वर! दिव्याच्या खांबासारखा! आणि कशासाठी? तर सरकारला माझं मत हवंय. समोर स्टेजवर हे एवढं लांबलचक कापड लावलेलं, त्यावर हाताहाताएवढी अक्षरं: 'तुमचं मत महत्त्वाचं आहे.' कापड चुरगळलेलं होतं, ते सोडा. माझ्याकडे आदल्या दिवशी पाठवलं असतं तर मी कडक करून दिलं असतं.

आता ही सभा कसली, तर जैवऊर्जा धोरणाबद्दल जनतेला काय वाटतं ते ऐकून घ्यायची सभा. जैवऊर्जा म्हणजे काय ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या भाषेत मी ऐकलंय आणि माझं डोकं अजून जड आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा, सालं, देठं, उरलंसुरलं, नासलेलं, सगळं गोळा करायचं, एका मोठ्या बंद टाकीत घालायचं, तिथे ते कुजतं, कुजलं की गॅस होतो, त्या गॅसवर चुली पेटतात, बसगाड्या पळतात. आता यात वाईट काय आहे? मी तर ऐकूनच खूश! कारण आमच्या कोपऱ्यावर जो कचऱ्याचा ढीग आहे ना, तो माझा जुना वैरी. कावळे जेवायला तिथे बसणार आणि हात पुसायला माझ्या चादरींवर येणार. पांढऱ्या चादरी, हॉस्पिटलच्या! एकेक चादर आम्ही परत परत धुतो, पाणी आमचं, साबण आमचा, आणि कावळ्याला कुणी बोलायचं नाही. म्हणून म्हटलं, न्या बाबा तो ढीग, करा त्याचा गॅस, सरकारचं भलं होवो.

पण... हा जो 'पण' आहे ना, त्यानंच घात केला माझा.

माझ्या दुकानाच्या मागे एक मैदान आहे. आहे नगरपालिकेचं, पण वडिलांपासून त्यात दोऱ्या आमच्या. अख्ख्या भागाचे कपडे तिथे वाळतात. लॉन्ड्री म्हणजे लोकांना वाटतं साबण, लोकांना वाटतं इस्त्री... नाही हो! लॉन्ड्री म्हणजे ऊन आणि वारा. बाकी सगळं विकत मिळतं. तर एके दिवशी दोन माणसं आली आणि मैदानात टेप लावून मोजायला लागली. चादरींच्या मधून वाकून वाकून मोजतायत! मी विचारलं, काय हो, काय मोजताय? तर एक म्हणाला काही नाही, सहज. आता तुम्हीच सांगा, सहज कुणी मोजतं का? चौकशी केली तेव्हा कळलं की गॅसच्या टाकीसाठी जागा शोधतायत. दोन जागा नक्की डोक्यात आहेत, एक शाळेच्या मागची आणि एक वकीलबाईंच्या इमारतीशेजारच्या बागेची. आमचं मैदान नुसतं मोजून ठेवलंय. पण मोजलेली वस्तू कधी तरी कापली जाते, हे कपड्याच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला लागत नाही.

आमची ही म्हणाली, "सभेला जा आणि तोंड उघडा." आता माझं तोंड उघडत नाही हे तिला माहीत. गिऱ्हाईकासमोर मी बोलतो, पण गिऱ्हाईकं गठ्ठ्यानं समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मग हिनं माझ्याकडून पाठ करून घेतलं. मी कॉलरी घासतोय आणि ही मागे उभी राहून वदवून घेतेय. म्हणे, आधी 'पाठिंबा' म्हणा, मग 'पण' म्हणा, उलटं केलंत तर ऐकणार नाहीत. वाक्य केवढंसं! 'धोरणाला माझा पाठिंबा आहे, पण आमच्या दोऱ्यांचं मैदान तेवढं सोडा.' झालं. एवढंच माझं मत. सरकारला महत्त्वाचं होतं ना? मग घ्या!

गेलो. ठेवणीतला शर्ट घातला, घडी मोडायला जीव होत नव्हता पण घातला. हॉलच्या दारात एक स्वयंसेवक उभा. आत बघतो तर खुर्च्यांचे दोन भाग. डावीकडे पाटी 'अनुकूल', उजवीकडे पाटी 'प्रतिकूल'. का, तर म्हणे मोजायला सोपं. स्वयंसेवक म्हणतो, "तुम्ही कुठले?" मी म्हटलं, पाठिंबा आहे, पण... तो म्हणतो, "पण म्हणजे प्रतिकूल. उजवीकडे." गेलो उजवीकडे. तिथे आमच्या वकीलबाई बसलेल्या. त्यांनी विचारलं, काय, विरोध ना? मी म्हटलं, तसा पाठिंबा आहे... तर खुर्ची काढून घेतली हो! म्हणे इथे पाठिंब्याला बसवलं तर विरोधाचं वजन कमी होतं. डावीकडे गेलो. तिथे मास्तर, शाळेतले. ते म्हणाले, या, या, आपलेच. मी म्हटलं, पण माझं एक 'पण' आहे. ते म्हणाले, मग जरा तिकडे सरका. सरकत सरकत कुठे आलो असेन? दोन्हींच्या मधल्या बोळात, खांबाला टेकून, उभा! पाठिंबाही आहे आणि 'पण'ही आहे, अशा माणसाला देशात खुर्चीच नाही.

आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंचा एकेक शर्ट माझ्या हातचा! मला माणसं तोंडावरून ओळखू येत नाहीत, कॉलरीवरून येतात. मास्तरांच्या कोटाच्या कोपरांना खडू. वकीलबाईंच्या काळ्या कोटाला चहा, नेहमी डाव्या बाहीला, का ते विचारायची माझी हिंमत नाही. स्टेजवर साहेब, सरकारी, त्यांच्या खिशाला शाईचा डाग, तो आम्ही काढतो, तो परत येतो, आम्ही परत काढतो, साहेबांची आणि आमची ती खासगी जैवऊर्जा चालूच आहे. अख्खा हॉल मी घासलाय, पिळलाय, वाळवलाय, घडी घातलीय, आणि बसायला मला जागा नाही.

साहेब उभे राहिले. म्हणाले, "नागरिकहो, तुमचं मत महत्त्वाचं आहे." आणि नियम सांगितला. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करावा आणि नंबर येईपर्यंत खाली घेऊ नये. खाली घेतला की नंबर गेला. मी केला हात वर. सगळ्यात पहिला! पुढचं ऐकूच नका... नाही, ऐका, ऐकायलाच बसवलंय तुम्हाला.

पहिला माईक डावीकडे. मास्तर उठले. मास्तर बोलायला लागले की हॉलचा वर्ग होतो. "आज आपण जो कचरा म्हणून फेकतो, तो कचरा नाही, ते उद्याचं इंधन आहे! हे धोरण म्हणजे येणाऱ्या पिढ्यांना आपण दिलेला..." टाळ्या. मीपण वाजवल्या असत्या, पण एक हात वर. मग मास्तर जरा घसा खाकरले आणि म्हणाले, मात्र टाकी शाळेच्या मागे नको, मुलांच्या नाकाचा प्रश्न आहे. म्हणजे बघा, 'पण' त्यांचाही होता! पण त्यांनी तो खुर्चीवर बसून म्हटला, आणि म्हणाले 'मात्र'.

दुसरा माईक उजवीकडे. वकीलबाई. "ह्या धोरणात गरिबांच्या पोटापाण्याचा विचार कुठे आहे? ज्यांना आवाज नाही, त्यांच्या वतीनं मी इथे उभी आहे!" मला भरून आलं हो. म्हटलं, ह्या माझ्याबद्दलच बोलतायत. मी खांबाजवळून म्हटलं, बाई, मला आवाज आहे, जरा मलाच... तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि हॉलला म्हणाल्या, बघा, बघा हा माणूस, ह्याला कुणी बोलू देत नाही! टाळ्या. आणि मला बोलू न देता पुढे तासभर त्या बोलल्या. शेवटी काय? तर इमारतीशेजारची बाग वाचली पाहिजे.

मग माईक डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे, नियमच तसा, एक इकडचा, एक तिकडचा. मी मध्ये. माईक माझ्या नाकासमोरून जातोय, येतोय, जातोय, येतोय. साहेबांची नजर पडली एकदा. म्हणाले, तुम्ही कुठल्या बाजूचे? मी म्हटलं, मधला. ते म्हणाले, मधल्याचा नंबर दोन्ही बाजू संपल्यावर. आणि वर काय म्हणाले असतील? "हात खाली घेऊ नका हं, तुमचं मत महत्त्वाचं आहे."

हाताला मुंग्या आल्या. मुंग्या कोपरापर्यंत आल्या. दुसऱ्या हातानं मी कोपराला खालून टेकू दिला. पोटात पाठ केलेलं वाक्य, तोंडात तेच वाक्य, ओठ हलतायत... पाठिंबा आहे पण, पाठिंबा आहे पण... शेजारच्या खुर्चीवरच्या बाई मुलाला जवळ घेऊन बसल्या. आणि खाली भांडण पेटलेलं. शाळेमागे की बागेत? सगळ्यांना गॅस हवा! तुम्हाला सांगतो, त्या हॉलमध्ये गॅस नको म्हणणारा एकही नव्हता. उजवीकडच्यांनासुद्धा हवा होता. फक्त तो दुसऱ्याच्या दारातून यायला हवा होता. ह्यालाच म्हणायचं विरोध, आणि ह्यालाच म्हणायचं पाठिंबा, पाट्या तेवढ्या वेगळ्या.

आणि मग मागून कुणीतरी बोललं. कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही, कळलं तर त्याचे कपडे मी फुकट धुऊन देईन, खळ घालून देईन, पत्र्यासारखे. तो म्हणाला, "लॉन्ड्रीमागचं मैदान आहे की."

मास्तर सावकाश उठले आणि म्हणाले, उत्तम. मग वकीलबाई उठल्या, म्हटलं आता ह्या लढणार, आवाज नसलेल्यांच्या वतीनं. त्यांनी साहेबांना विचारलं, तिथे राहतं कोण? साहेबांनी कागद बघितला, म्हणाले, कुणी नाही, कपडे वाळत असतात. वकीलबाई म्हणाल्या, मग कुणी बेघर होत नाही, मी विरोध मागे घेते. आणि मास्तर हसून म्हणाले, "कपड्यांना कुठे नाक असतं?" हॉल हसला. डावा हसला, उजवा हसला. इतका वेळ एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं, पहिल्यांदा एकत्र हसली. माझ्यावर हसली.

मी म्हणतोय, अहो ऐका, अहो! माईक नाही, ऐकतंय कोण? साहेब घाईघाईनं उठले, त्यांचा चेहरा खुलला होता बिचाऱ्यांचा, ते म्हणाले, लॉन्ड्रीमागच्या जागेला ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा. सगळे हात वर. आणि साहेबांनी कुणाकडे बोट दाखवलं? खांबाकडे! "हे बघा, लॉन्ड्रीवाले स्वतः! सगळ्यांच्या आधीपासून हात वर आहे त्यांचा. ह्याला म्हणतात लोकसहभाग!" आणि फोटो काढला हो. मी हात खाली घ्यायला गेलो तर तो आखडलेला! येईना खाली! दुसऱ्या हातानं ओढतोय, तो येत नाहीये, आणि लोक म्हणतायत, काय उत्साह आहे माणसाचा. उठले सगळे, चहा प्यायला गेले. मी साहेबांना गाठलं, म्हटलं, साहेब, तो हात बोलण्यासाठी होता, पाठिंब्याचा नव्हता. साहेब बिस्कीट बुडवत म्हणाले, अहो, एकमतानं झालंय, आता एकट्यानं मोडू नका. मी म्हटलं, पण माझं मत? ते म्हणाले, ते तर आलंच की त्यात.

घरी आलो. ही दारातच. बोललात? म्हणून विचारलं. मी काय सांगणार? माझ्या आधी फोटो आला होता मोबाईलवर. हिनं तो बघितला, बराच वेळ बघितला. मला वाटलं आता भांडी फुटणार. नाही. ती मागच्या दारानं मैदानात गेली, वाळलेल्या चादरी काढायला लागली, एकेक चिमटा काढून ओच्यात टाकत होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता ह्या दोऱ्या मी कुठे बांधू, ते तेवढं सांगा." तुम्हाला खोटं वाटेल, मला रडू आलं. आखडलेल्या हातानं डोळेही पुसता येईनात.

मग काय, टाकी झाली. झोकात झाली! वाईट काही म्हणणार नाही, कोपऱ्यावरचा ढीग गेला, कावळे गेले, मास्तर म्हणाले तसं सगळं झालं. फक्त कचऱ्याच्या गाड्या येतात, उघडतात, ओततात, आणि वारा... वारा तोच आहे ना हो, पूर्वी जो चादरी वाळवायचा. आम्ही उरल्या पट्टीत दोऱ्या बांधल्या. मग दुकानात बांधल्या. मग घरात बांधल्या, पलंगावर दोरी, स्वयंपाकघरात दोरी, आम्ही नवरा-बायको ओल्या चादरींच्या मधून एकमेकांना हाका मारतोय. अत्तर शिंपडून बघितलं. त्यानं काय झालं, तर नासक्या कोबीला अत्तर लावल्यासारखा वास आला.

आणि मग आले एकेक. मास्तर आले, कोट दोन बोटांत धरून. म्हणाले, अहो, मी वर्गात शिरलो की मुलं खिडक्या उघडतात. मी म्हटलं, मास्तर, उद्याचं इंधन आहे ते, कोटात भरलंय. त्यांना आवडलं नाही. वकीलबाई आल्या. म्हणाल्या, कोर्टात न्यायाधीशांनी नाकाला रुमाल लावला, माझा अख्खा युक्तिवाद रुमालाआडून ऐकला, तुमच्यावर दावाच लावते. मी म्हटलं, बाई, लावा, पण माझ्या वतीनं कोण उभं राहणार? हॉस्पिटलनं चादरी बंद केल्या. म्हणाले, पेशंटला आधीच मळमळतंय. राग तरी कुणावर काढायचा सांगा? कुणाशी बोलायला गेलो की तोच फोटो पुढे करतात. हात तर तुमचाच सगळ्यात वर होता!

शेवटी साहेब आले. हो, स्वतः. नाकाला हात न लावता उभे राहिले, ते मात्र मी मानलं, सरकारी माणूस आहे. म्हणाले, तुमचं नुकसान आमच्या लक्षात आलंय, टाकीच्या शेजारचे म्हणून पहिला गॅस तुम्हाला, कायमचा, फुकट. नळी आली, जोडली, पुष्पगुच्छ दिला, आणि नवी गॅसची इस्त्रीपण दिली हो, झगझगीत! परवा त्यांचा माणूस आला विचारायला. म्हणे, गॅसबद्दल तुमचं मत काय? मोकळेपणानं सांगा, तुमचं मत महत्त्वाचं आहे. पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, आणि मी बोलेपर्यंत समोरचा थांबला. आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, गॅस उत्तम आहे. बटण फिरवलं की पेटतो, इस्त्री बघता बघता तापते. तो खूश होऊन गेला.

आणि खरंच तापते हो. दिवसभर तापलेलीच असते. आता वाया कशी घालवायची? म्हणून मी काय करतो, अंगातला शर्ट काढतो, कडक इस्त्री करतो, घालतो... जरा वेळानं परत काढतो. दुसऱ्या कुणाचा शर्ट आता येतोय कुठून?